त्यांनी लिहून ठेवले म्हणून...



दरवर्षी २६ जानेवारीला आपण मोठ्या उत्साहाने ध्वजवंदन करतो. त्याचा दुसरा दिवस, म्हणजे २७ जानेवारी, आपल्या दिनदर्शिकेत बहुधा कोराच असतो. परंतु जगातील अनेक देशांत त्या दिवशी शाळांमधून मेणबत्त्या लावल्या जातात, काही नावे वाचली जातात, काही कविता म्हटल्या जातात. १९४५ साली याच तारखेला सोव्हिएत सैन्य पोलंडमधील आउश्वित्झ या छळछावणीत पोचले. तेथे त्यांना सुमारे सात हजार आजारी, अर्धमेले कैदी सापडले. त्याच छावणीत त्यापूर्वी सुमारे अकरा लाख माणसे मारली गेली होती. २००५ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २७ जानेवारी हा दिवस या संहारातील बळींचा स्मरणदिन म्हणून ठरवला.

या संहाराला ‘होलोकॉस्ट’ म्हणतात. यहुदी लोक त्याला आपल्या हिब्रू भाषेत ‘शोआ’, म्हणजे महाअरिष्ट, असे म्हणतात. १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. प्रथम यहुद्यांच्या नोकऱ्या गेल्या, मग नागरिकत्व गेले, मग दुकाने गेली आणि मुलांच्या शाळा बंद झाल्या. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मनीने जिंकलेल्या देशांतील यहुद्यांना शहरांतील कोंडवाड्यांत, म्हणजे ‘घेट्टों’त डांबण्यात आले. तेथून त्यांना रेल्वेने छावण्यांत नेऊन विषारी वायूने, गोळ्यांनी, उपासमारीने मारण्यात आले. १९४५ पर्यंत सुमारे साठ लाख यहुदी मारले गेले. त्यांत सुमारे पंधरा लाख मुले होती. याशिवाय रोमा जमातीचे लोक, अपंग, पोलिश नागरिक, सोव्हिएत युद्धकैदी असेही लाखो लोक नाझी राजवटीचे बळी ठरले.

ही माहिती आपल्याला कशाला हवी?

कोणी विचारील की, जोयडा तालुक्यातील मुलांना युरोपातील ऐंशी वर्षांपूर्वीच्या गोष्टीशी काय देणेघेणे? याचे उत्तर आम्ही स्पष्टपणे देतो. आपल्याकडे रेल्वे स्थानकावरील पुस्तकांच्या गाड्यावर, व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी हिटलरचे आत्मचरित्र ठेवलेले असते. वक्तृत्व स्पर्धेत एखादा विद्यार्थी ‘कणखर नेतृत्व’ या विषयावर बोलताना त्याचे नाव आदराने घेतो. कडक शिक्षकाला मुले गमतीने ‘हिटलर’ म्हणतात आणि पालकही हसतात. यात मुलांचा दोष नाही. त्यांच्यासमोर त्या माणसाचा आवाज पोचला आहे, परंतु त्याने ज्यांना मारले त्यांचा आवाज पोचलेला नाही. तो पोचवणे हे शाळेचे काम आहे.

आकडा सांगून ते काम होत नाही. साठ लाख म्हटल्यावर आपण क्षणभर ‘अरे बापरे’ म्हणतो आणि विसरतो. म्हणून जरा आपल्या मापाने मोजून पाहू. आपल्या जोयडा तालुक्याची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास आहे. असे सव्वाशेच्या जवळपास तालुके रिकामे झाले तर साठ लाख होतात. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण उत्तर कन्नड जिल्ह्याची लोकसंख्या १४ लाख ३७ हजार होती. कारवारपासून भटकळपर्यंत आणि जोयड्यापासून मुंडगोडपर्यंत जेवढी माणसे राहतात, त्याहून अधिक तर केवळ मुले मारली गेली.

हा हिशोबही पुरेसा नाही. माणूस मनाला भिडतो तो त्याच्या नावाने, त्याच्या गोष्टीने. मारणाऱ्यांना हे ठाऊक होते. म्हणूनच आउश्वित्झमध्ये कैद्याचे नाव काढून घेत आणि त्याच्या हातावर क्रमांक गोंदत. लिहिणाऱ्यांनाही ते ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी मिळेल त्या कागदावर लिहून ठेवले.

शाळेच्या तळघरात पुरलेले कागद

पोलंडची राजधानी वॉर्सा येथील घेट्टोत चार लाखांहून अधिक यहुदी कोंडलेले होते. त्यांच्यात इमानुएल रिंगेलब्लूम नावाचे एक इतिहासाचे अभ्यासक होते. त्यांनी विचार केला की, आपण जगू वा न जगू, आपला इतिहास मारेकऱ्यांच्या लेखणीतून लिहिला जाता कामा नये. त्यांनी शिक्षक, लेखक, कारकून अशी साठेक माणसे गुप्तपणे एकत्र केली. ही मंडळी शनिवारी भेटत, म्हणून त्यांनी आपल्या गटाला ‘शनिवारचा आनंद’ अशा अर्थाचे नाव दिले होते. त्यांनी रोजनिशा जमवल्या, कविता जमवल्या, शाळकरी मुलांचे निबंध जमवले. रेशनची कार्डे, भिंतीवरची फर्माने, ट्रामची तिकिटे, गोळ्यांचे वेष्टणकागदही जपून ठेवले. आज क्षुल्लक वाटणारी वस्तू उद्या पुरावा ठरते, हे त्या अभ्यासकाने ओळखले होते.

२२ जुलै १९४२ पासून घेट्टोतील माणसे रेल्वेने त्रेब्लिंका या मृत्युछावणीकडे नेली जाऊ लागली. तेव्हा ऑगस्टच्या आरंभी इस्रायल लिख्टेनश्टाईन या शिक्षकाने आपल्या दोन माजी विद्यार्थ्यांच्या मदतीने हे कागद पत्र्याच्या दहा पेट्यांत भरून एका शाळेच्या तळघरात पुरले. विद्यार्थ्यांची नावे दाविद ग्राबर आणि नाहुम ग्झिवाच. एक एकोणीस वर्षांचा, दुसरा अठरा. त्या घाईतही दोघांनी आपापले छोटे मनोगत लिहून त्यात ठेवले. पुढे आणखी कागद दुधाच्या दोन कॅनमध्ये पुरले गेले.

गुरू आणि दोन्ही शिष्य मारले गेले. रिंगेलब्लूम यांनाही मार्च १९४४ मध्ये कुटुंबासह ठार करण्यात आले. गटातील केवळ तिघे वाचले. त्यांच्यापैकी एकाला जागा ठाऊक होती. १९४६ साली ढिगारे उपसून पेट्या काढल्या गेल्या, १९५० साली दुधाचे कॅन सापडले. तिसरा साठा आजतागायत मिळालेला नाही. एकंदर सुमारे पस्तीस हजार पाने हाती आली आणि १९९९ साली युनेस्कोने त्यांची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. वॉर्सामधील साध्या माणसांनी त्या दिवसांत काय खाल्ले, काय शिकवले, कशाची भीती बाळगली, हे आज आपल्याला कळते ते एका शाळेच्या तळघरामुळे.

दर शुक्रवारचे हस्तलिखित

साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत, हे आपण वाचलेले आहे. अशीच गोष्ट चेकोस्लोवाकियातील तेरेझीन येथील घेट्टोत घडली. तेथे मुलांना मोठ्यांपासून वेगळ्या घरांत ठेवत. अशा एका घरात तेरा ते पंधरा वर्षांची सुमारे शंभर मुले राहत होती. वाल्टर आयसिंगर हे त्यांचे शिक्षक. शिकवण्यास बंदी होती, तरीही ते शिकवत. या मुलांनी १९४२ पासून ‘वेदेम’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. ‘वेदेम’चा चेक भाषेतील अर्थ ‘आम्ही आघाडीवर आहोत’. छपाईची सोय नव्हती, म्हणून एकच प्रत निघे आणि शुक्रवारी सायंकाळी ती सर्वांसमोर वाचली जाई. त्यात कविता असत, विनोद असत, पुस्तकांची परीक्षणे असत, घेट्टोतील स्वयंपाकघराची वा अंत्यसंस्काराच्या जागेची माहितीही असे.

या साप्ताहिकाचा संपादक होता पेत्र गिन्झ. जन्म १ फेब्रुवारी १९२८, गाव प्राग. तो गोष्टी लिही, चित्रे काढी. कोणी मजकूर दिला नाही तर स्वतःच वेगवेगळ्या नावांनी लिहून अंक पुरा करी. (आमच्या संपादक मंडळाला ही युक्ती परिचित आहे!) १९४४ च्या शरद ऋतूत, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याला आउश्वित्झला नेऊन मारण्यात आले. आयसिंगर गुरुजीही वाचले नाहीत. त्या घरातील शंभरांपैकी पंधराच्या आसपास मुले जिवंत राहिली. त्यांतील झ्देन्येक ताउसिग या मुलाने ‘वेदेम’ची सुमारे आठशे पाने तेथील लोहारशाळेत लपवून ठेवली आणि सुटका झाल्यावर ती प्रागला आणली.

या गोष्टीचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. पेत्रने तेरेझीनमध्ये एक चित्र काढले होते. चंद्राच्या डोंगराळ भूमीवरून पृथ्वी कशी दिसेल, ते त्याने कल्पनेने रेखाटले होते. २००३ साली इलान रामोन हे इस्रायलचे पहिले अंतराळवीर ‘कोलंबिया’ यानातून गेले, तेव्हा त्यांनी त्या चित्राची प्रत बरोबर नेली. रामोन यांच्या आई स्वतः आउश्वित्झमधून वाचलेल्या होत्या. त्याच यानात आपली कल्पना चावला होती. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना यान कोसळले आणि सातही अंतराळवीर मृत्यू पावले. पेत्र जगला असता तर त्या दिवशी त्याला पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली असती. या बातमीतून पेत्रचे नाव जगभर गेले. प्रागमधील एका गृहस्थाला घराच्या माळ्यावर काही जुन्या वह्या सापडल्या होत्या. बातमी पाहून त्यांना त्या वह्या कोणाच्या ते उमगले. ती पेत्रची रोजनिशी होती. त्याच्या बहिणीने, जी स्वतः तेरेझीनमधून वाचली होती, ती संपादित करून प्रसिद्ध केली.

तेरेझीनमध्येच फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकार बाई मुलांना चित्रकला शिकवीत. आउश्वित्झला नेले जाण्यापूर्वी त्यांनी मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे दोन सुटकेसमध्ये भरून लपवली. चित्रांवर मुलांनी आपली नावे घालावीत, असा त्यांचा आग्रह असे. त्या नावांमुळेच आज कोणते चित्र कोणत्या मुलाचे ते सांगता येते. उत्तरपत्रिकेवर नाव घालायला विसरणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे.

वॉर्सामधील ‘डाकघर’

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. गुरुदेव रवींद्रनाथ टागोरांचे ‘डाकघर’ हे नाटक आम्ही प्रथम हिंदीतून वाचले. आजारी बालक अमल याला वैद्यांनी घराबाहेर पडू नये असे सांगितलेले असते. तो खिडकीत बसून दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुले वेचणाऱ्या मुलीशी बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो. शेवटी तो शांतपणे झोपी जातो.

हे नाटक १८ जुलै १९४२ रोजी वॉर्सा घेट्टोतील एका अनाथालयात मुलांनी केले. अनाथालयाचे प्रमुख डॉक्टर यानुश कोर्चाक. हे मुलांचे डॉक्टर आणि मुलांचे लोकप्रिय लेखक. मुलांना हक्क असतात, त्यांचे म्हणणे मोठ्यांनी ऐकले पाहिजे, हे त्यांनी आयुष्यभर सांगितले. त्यांच्या अनाथालयात मुलांचे स्वतःचे न्यायालय होते आणि त्यात शिक्षकांवरही तक्रार करता येत असे. पुढे काय वाढून ठेवले आहे याची जाणीव त्यांना होती. मुलांनी मृत्यूला न भिता सामोरे जावे, म्हणून त्यांनी हे नाटक निवडले असे सांगतात. खिडकीशी बसलेला अमल आणि भिंतीआड कोंडलेली ती मुले यांच्यात अंतर तरी किती होते?

नाटकानंतर तीन आठवड्यांच्या आत सुमारे दोनशे मुलांना त्रेब्लिंकाला नेण्यात आले. कोर्चाक यांना स्वतःचा जीव वाचवण्याची संधी अनेकदा देऊ करण्यात आली होती. त्यांनी ती नाकारली आणि मुलांबरोबर चालत गेले. त्यांच्या सहकारी शिक्षिकाही बरोबर गेल्या. आपल्या एका भारतीय कवीचे शब्द त्या मुलांच्या अखेरच्या दिवसांत त्यांच्या ओठांवर होते, हे आपण विसरता कामा नये.

जे वाचले, त्यांचे बोलणे

अॅन फ्रँकची डायरी तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. मराठीतही ती उपलब्ध आहे, म्हणून तिच्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. अॅन वाचली नाही, तिचे वडील वाचले आणि १९४७ साली त्यांनी ती डायरी प्रसिद्ध केली. परंतु जे स्वतः वाचून परतले, त्यांच्यासाठी बोलणे सोपे होते असे समजू नये.

प्रिमो लेव्ही हे इटलीतील रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्या हातावर १७४५१७ हा क्रमांक गोंदला होता. छावणीत त्यांना पुन्हापुन्हा एक स्वप्न पडे. आपण घरी परतलो आहोत, सर्वांना सांगत आहोत आणि कोणीही ऐकत नाही. परतल्यावर त्यांनी पुस्तक लिहिले, तर नामांकित प्रकाशकाने ते परत केले. १९४७ साली एका लहान प्रकाशकाने अडीच हजार प्रती काढल्या, त्याही सर्व खपल्या नाहीत. लोकांना युद्ध विसरायचे होते. अकरा वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा छापले गेले आणि जगभर वाचले गेले.

एली वीझेल यांना वयाच्या पंधराव्या वर्षी कुटुंबासह आउश्वित्झला नेले. आई आणि धाकटी बहीण तेथेच मारली गेली, वडील पुढे दुसऱ्या छावणीत मरण पावले. सुटकेनंतर सुमारे दहा वर्षे ते या विषयावर लिहू शकले नाहीत. मग आपल्या मायबोलीत, यिडिश भाषेत, त्यांनी शेकडो पाने लिहिली. पुढे ती कमी करत करत शंभर-सव्वाशे पानांचे लहान पुस्तक झाले. १९८६ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

यावरून पालकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. घरातील एखादे वडीलधारे माणूस आपल्या कठीण काळाविषयी गप्प राहत असेल, तर त्याला सांगण्यासारखे काही नाही असा अर्थ काढू नये. कित्येकदा ऐकणारा मिळालेला नसतो.

कविता कशासाठी?

एवढ्या भयंकर घटनेवर कविता लिहावी का, असा प्रश्न युद्धानंतर युरोपातील विचारवंतांनीही केला होता. कविता म्हणजे सुंदर शब्द, आणि येथे तर सुंदर काहीच नाही. तरीही कविता लिहिल्या गेल्या, आणि छावण्यांतही लिहिल्या गेल्या. याचे एक साधे कारण आहे. कागद नसला तरी कविता पाठ करता येते. ती लपवायला जागा लागत नाही आणि झडतीत ती सापडत नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे. इतिहास काय घडले ते सांगतो. कविता ते सहन करणाऱ्याच्या मनात काय झाले ते सांगते. पावेल फ्रीडमन या तरुणाने जून १९४२ मध्ये तेरेझीनमध्ये फुलपाखरावर एक छोटी कविता लिहिली. तिच्यात ना बंदूक आहे, ना वायू. घेट्टोत फुलपाखरे राहत नाहीत, एवढीच तिची खंत. तो १९४४ साली आउश्वित्झमध्ये मारला गेला. आज जगभरातील शाळांत मुले त्याच्या कवितेसाठी कागदाची फुलपाखरे करतात. आपल्या काळीच्या खोऱ्यात पावसाळ्यानंतर फुलपाखरांचे थवे दिसतात. ते न दिसणे ही किती मोठी शिक्षा असेल, हे आपल्या मुलांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

नेली झाक्स या बर्लिनच्या कवयित्री. मे १९४० मध्ये त्या आपल्या वृद्ध आईसह कशाबशा स्वीडनला पोचल्या आणि वाचल्या. मागे राहिलेल्यांसाठी त्या आयुष्यभर कविता लिहीत राहिल्या. १९६६ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. पाउल सेलान यांचे आईवडील १९४२ साली छावणीत नेले गेले आणि तेथेच मरण पावले. आईने त्यांना जर्मन भाषेची गोडी लावली होती, आणि आईचा जीव घेणाऱ्यांची भाषाही जर्मनच होती. इतर अनेक भाषा येत असूनही त्यांनी कविता जर्मनमध्येच लिहिली. आपल्या तालुक्यात घरी मराठी वा कोंकणी, शाळेत आणि कचेरीत कन्नड, बाजारात सर्व मिळून, असा आपला व्यवहार चालतो. कोणतीही भाषा स्वतः दुष्ट नसते, ती वापरणारा तिला तसे करतो, हा सेलान यांच्या आयुष्यातील धडा आपण तरी घ्यावा.

आपल्या परिसरातील धागे

यहुदी म्हणजे कोणी दूरदेशीचे अनोळखी लोक, असेही आपण समजू नये. कोकणातील बेने इस्रायल समाज शेकडो वर्षांपासून मराठी बोलतो. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी काम बंद, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांच्या वल्हांडण सणात लहान मूल प्रश्न विचारते आणि मोठी माणसे पूर्वजांच्या गुलामगिरीची व सुटकेची गोष्ट सांगतात. त्या विधीचे पुस्तक मराठी भाषांतरासह १८७४ साली पुण्यात छापले गेले होते. या समाजात मराठी कीर्तनेही होत. आठवण गोष्टीतून आणि गाण्यातून पुढच्या पिढीला द्यायची, ही त्यांची जुनी रीत आहे आणि आपलीही.

हिटलरच्या छळातून निसटलेले काही लोक मुंबईस आले. त्यांच्या मदतीसाठी १९३४ साली तेथे यहुदी साहाय्य संस्था निघाली. आकाशवाणीची सकाळची ती सुपरिचित धून ज्यांच्या नावावर आहे ते संगीतकार वॉल्टर काउफमन हे अशाच यहुदी निर्वासितांपैकी एक होते.

आणि आपल्याला सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे कोल्हापूर. तेथील वळिवडे या गावी १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. येथे एक फरक नीट समजून घ्यावा. हे लोक बहुतांशी कॅथलिक ख्रिस्ती होते आणि ते नाझी छावण्यांतून आलेले नव्हते. १९४० आणि १९४१ साली सोव्हिएत सत्तेने त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरियात व कझाकस्तानात नेले होते. १९४१ च्या उत्तरार्धात सुटका झाल्यावर उपाशी, आजारी अवस्थेत ते इराणमार्गे भारतात आले. म्हणून त्यांना होलोकॉस्टमधून वाचलेले म्हणणे चुकीचे ठरेल. परंतु त्याच महायुद्धाने घरातून उपटलेली ती मुले होती.

वळिवड्याला त्यांच्यासाठी शाळा निघाल्या, चर्च झाले, नाटके झाली, स्काउटची पथके झाली. त्याआधी जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी पोलिश अनाथ मुलांना आश्रय दिला होता आणि ‘मी तुमचा बापू’ असा त्यांना धीर दिला होता. आज वॉर्सामध्ये त्यांच्या नावाची शाळा आहे. वळिवड्याच्या छावणीच्या जागेवर फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले आणि तेच आजचे गांधीनगर. एका निर्वासिताने रिकामे केलेले घर दुसऱ्या निर्वासिताला मिळाले. लग्नाच्या कापडखरेदीसाठी आपली मंडळी गांधीनगरला जातात, तेव्हा ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्या पोलिश लोकांचे स्मारक आहे. २०१७ साली वॉर्सामध्येही वळिवड्याचे स्मारक उभे राहिले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. ही आठवण कोणी टिकवली? त्याच मुलांनी. म्हातारपणी एकत्र येऊन त्यांनी आपल्या भारतातील दिवसांच्या आठवणी लिहिल्या, छायाचित्रे गोळा केली आणि मोठा ग्रंथ तयार केला.

आता आपण काय करायचे?

होलोकॉस्टमधून वाचलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. जी आहेत ती ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. प्रत्यक्ष सांगणारा माणूस गेला की ‘असे काही घडलेच नाही’ म्हणणाऱ्यांचा आवाज वाढतो, आणि तसा तो वाढतोही आहे. जेरुसलेममधील याद वाशेम ही संस्था त्यासाठीच प्रत्येक बळीचे एक साक्षीपत्र भरून घेते. त्यावर नाव, आईवडील, गाव, व्यवसाय अशी साधी माहिती असते. आजपर्यंत ४८ लाखांहून अधिक नावे परत मिळवली आहेत. शोध अजून चालू आहे.

या वर्षीपासून २७ जानेवारीच्या परिपाठात आम्ही पाच मिनिटे या स्मरणासाठी राखून ठेवणार आहोत. आठवी ते दहावीचे विद्यार्थी पेत्र, दाविद, नाहुम आणि कोर्चाक यांच्या गोष्टी सांगतील. स्नेहसंमेलनात ‘डाकघर’ बसवावे, असाही आमचा मानस आहे.

दुसरे काम घरचे आहे. सुपा धरणाच्या पाण्याखाली जुने सुपा गाव गेले, तालुक्याचे ठिकाण जोयड्याला आले, कितीतरी घरे रामनगरला येऊन वसली. धरणाचे विस्थापन आणि होलोकॉस्ट यांची तुलना मुळीच होऊ शकत नाही. तिकडे माणसे मारण्यासाठी नेली होती, हे पुनःपुन्हा ध्यानात ठेवावे. परंतु आठवण कशी राखायची, हे आपण त्या लोकांकडून शिकू शकतो. पाण्याखाली गेलेल्या घरांची, देवळांची, बाजाराची आठवण असलेली माणसे आपल्यात अजून आहेत. पुढच्या वीस वर्षांत ती नसतील.

म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या आजी-आजोबांजवळ वही घेऊन बसावे. जुने गाव कोणते, शेजारी कोण, शेत कोठे, विहीर कोठे, जत्रा केव्हा भरे, हे विचारावे. आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात. त्यांच्या बोलीतील शब्द ‘शुद्ध’ करू नयेत. उत्तर देताना त्या थांबल्या तर घाई करू नये.

दोन पाने पुरेत. निवडक लेख पुढील अंकात घेऊ आणि सर्व वह्या शाळेच्या ग्रंथालयात जपून ठेवू. सांगणाऱ्याचे पूर्ण नाव, गाव, लिहिणाऱ्याचे नाव आणि तारीख घालण्यास मात्र कोणी विसरू नये.